मेणातली पाठ

कातडीला एकच एक रंग नसतो हे तिला विसाव्या वर्षी कळलं, आणि त्यानंतर तिला माणसं वेगळीच दिसू लागली. दंडाच्या आतल्या बाजूला हिरवट झाक असते, कोपराला राखेची, कानाच्या पाळीमागे पिकत आलेल्या फळाची. समोरचा माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगत असायचा आणि ही त्याच्या मनगटावर तपकिरी कुठे संपतं आणि जांभळं कुठे सुरू होतं ते बघत बसायची. ऐकतेयस ना, असं कुणी विचारलं की दचकायची. तिची मोठी बहीण म्हणायची, हिच्याशी बोलणं म्हणजे खिडकीशी बोलणं. वारा येतो, उत्तर येत नाही.

एका मोठ्या रुग्णालयाच्या त्वचाविभागात ती मेणाच्या प्रतिकृती करायची. शिकाऊ डॉक्टरांना त्वचेचे आजार ओळखता यावेत म्हणून खऱ्या रोग्याच्या हाताचा, पायाचा, मानेचा साचा घ्यायचा, त्यात मेण ओतायचं आणि ते असं रंगवायचं की बघणाऱ्याला वाटावं, हे आत्ता खाजवेल. विभागात तिला सगळे ‘मेणवाल्या बाई’ म्हणत. घरात मात्र ती ‘छोटी’. केसांत पांढरं आलं तरी छोटीच.

हे काम तिच्याकडे आईकडून आलं होतं. आई दुकानांच्या काचेआड मांडायला मेणाची फळं करायची. दोघी मुली त्या वासात वाढल्या. आई आजारी पडली तेव्हा छोटीनं एक सफरचंद एकटीनं पूर्ण केलं आणि गंमत म्हणून त्याच्या बुडाशी एक ठोकर लागल्याचा डाग रंगवला. दुकानदारानं ते ‘नासकं आहे’ म्हणून परत पाठवायला काढलं. त्या वेळी दुकानात उभ्या असलेल्या एका बाईंनी ते हातात घेतलं, डाग बोटानं दाबून पाहिला, आणि हे कुणी केलं असं विचारलं. त्या बाई त्वचाविभागाच्या प्रमुख होत्या. पुढे जन्मभर छोटी त्यांना ‘मोठ्या मॅडम’ म्हणत आली.

पहिल्या दिवशी मॅडमनी तिला एका हमालाच्या दंडासमोर बसवलं. दंडावर बांगडीएवढं वर्तुळ होतं. काय दिसतंय, मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, लाल वर्तुळ. नायट्याचं चित्र तिनं आदल्याच दिवशी पुस्तकात पाहिलं होतं.

“लाल आहे? नीट बघा,” मॅडम म्हणाल्या.

तिनं नीट पाहिलं. लाल नव्हतं. वांग्याच्या सालीला राख फासावी तसा काहीतरी रंग होता, आणि आतला भाग जवळजवळ नेहमीच्या कातडीसारखाच झाला होता. मॅडमनी समजावलं, पुस्तकातलं लाल हे गोऱ्या कातडीवरचं लाल आहे. आपल्या दारात येतात त्यांच्यावर ते तसं उमटत नाही. शिकणारी पोरं पुस्तक घोकून येतात आणि जिवंत माणसापाशी अडखळतात. तेव्हा रंगाच्या नादी लागू नका. कड बघा. नायटा कडेनं चालतो. मधलं सोडून पुढे सरकतो. उंच, खवलेदार, सरकती कड दिसली की त्याला थांबवून विचारायचं, तू कोण.

ही शिकवण तिच्या मनात अशी मुरली की तिला स्वप्नंही तशीच पडू लागली. ती एका अफाट तपकिरी माळावरून अनवाणी चालते आहे, दूरवर एक गोल बांध सावकाश पुढे सरकतो आहे, बांधावर पांढरा भुसा साचला आहे, आणि बांधाच्या आत सगळं शांत आहे. जाग आल्यावर थोडा वेळ तिला कळायचं नाही की आपण कुणाच्या पाठीवर होतो.

तिची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. उत्तरेची मोठी खिडकी, एक स्टूल, दोन शेगड्या, मेणाचं भांडं, राळेचा डबा, अभ्रकाचा चुरा, केस रोवायच्या सुया. रोगी यायचा तो ताटकळून, चिडून, लाजून. ती त्याला खिडकीपाशी बसवायची आणि आधी तासभर नुसतं चित्र काढायची. त्या तासात फारसं कुणी बोलायचं नाही. मेण वितळत असायचं, त्याचा गोडसर ऊबदार वास खोलीत भरायचा, उजेड भिंतीवरून वीतभर सरकायचा, आणि माणसं बसल्या बसल्या पेंगायला लागायची. खाली तपासणीच्या खोलीत ज्यांना दोन मिनिटं मिळालेली असत त्यांना इथे अख्खी दुपार मिळायची. मग ती आपोआप बोलायला लागायची.

अशा दुपारींत तिला पुष्कळ काही कळत गेलं. एका छोट्या मुलीच्या नाकाखाली मध सुकल्यासारखी पिवळी खपली होती, आणि त्या मुलीच्या बाहुलीलाही आईनं तसंच मलम लावलेलं होतं. बाहुली सोडून बाकी तिघा भावंडांना तीच खपली आली होती, पण ते कुणी विचारलंच नव्हतं. एका वसतिगृहातल्या स्वयंपाकीण बाईंच्या बोटांच्या बेचक्यांत पेन्सिलीनं ओढल्यासारख्या बारीक वाकड्या रेघा होत्या. खरूज. बाईंनी औषध तीनदा लावलं होतं, तीनदा बरं झालं होतं आणि तीनदा परत आलं होतं, कारण शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीनं एकदाही लावलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच दिवशी, मानेपासून पायांच्या बोटांपर्यंत, असं मॅडमनी त्यांना बजावलं तेव्हा कुठे खरूज गेली. छोटी हे सगळं ऐकायची, मेणात मिसळायची आणि विसरायची. आपण डॉक्टर नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बघण्यात मात्र ती कुणाला हार जात नव्हती.

घरी आली की ती डोळे मिटून बसायची. हे तिचं नेहमीचं. दिवसभर डोळ्यांत तेल घालून पाहिलेलं, आता थोडं अंधारात ठेवायचं. घरात दोघीच. दोन खोल्या, एक गॅलरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि न्हाणीघरात एका खिळ्यावर एक मोठा पंचा, दोघींत मिळून. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर ताई बेकरीत कामाला लागली आणि छोटी चित्र काढायला शिकली. हे कधी ठरलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं. कुणी ठरवलंच नव्हतं. ताई पहाटे जायची, भट्टीपाशी दुपारपर्यंत उभी राहायची, घामानं भिजलेला जाड ॲप्रन कमरेला आवळलेला, आणि घरी यायची ती भाजक्या पिठाचा वास घेऊन. ती भरपूर बोलायची. छोटी डोळे मिटून ऐकायची. त्यांचं छान चाललं होतं.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. एका बुधवारी दुपारी मॅडमचा निरोप आला: एक रोगीण वर पाठवते आहे, कमरेवर आणि पाठीवर विचित्र चट्टा आहे, तरुण डॉक्टरांना इसब वाटतो, मला खात्री नाही. औषध सुरू करायच्या आधी प्रतिकृती करून ठेवा.

छोटी हात धुऊन आत आली तेव्हा रोगीण स्टुलावर बसलेली होती, तोंड भिंतीकडे, पाठ उघडी, मान खाली. अशा पाठी तिनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. लाजलेल्या माणसाची पाठच पुढे येते. ती कागद घेऊन बसली.

चट्टा खरंच विचित्र होता. कमरेच्या दोन्ही बाजूंनी वर चढलेला, पण त्याला आकार म्हणावा असा नव्हता. कुठे भुरकट, कुठे गुलाबीसर तपकिरी, मधूनच बारीक पुळ्या. कातडी काही ठिकाणी पातळ, चकचकीत झालेली, दुधावर साय धरावी तशी. खवले जवळजवळ नाहीतच. कड नाही. कुणीतरी चित्रावरून ओला बोळा फिरवल्यासारखं सगळं पुसट. ती बघत राहिली. उजेड सरकत गेला, तिरपा झाला, पाठीच्या कण्याला लागून गेला, आणि त्या तिरप्या उजेडात तिला एक नखाएवढी कोर दिसली. बारीक, उंच, किंचित खवलेदार. तिच्या आत आणखी एक कोर. पाण्यात खडा पडल्यावर दोनच तरंग उरावेत आणि बाकीचे कुणी पुसून टाकावेत, तसं.

कुणीतरी पुसलं आहे, तिच्या मनात आलं. कड होती. कुणीतरी ती पुसली आहे.

“काही लावत होता का तुम्ही यावर?” तिनं नेहमीच्या मऊ आवाजात विचारलं.

मान नकारार्थी हलली. आणि मान हलली तेव्हा तिला केसांच्या मुळाशी अडकलेलं पीठ दिसलं. मग उजव्या खांद्यावरचा तीळ दिसला, जो तिनं लहानपणी कितीदा तरी बोटानं पुसून पाहिला होता. मग स्टुलाखाली एकमेकांवर चढवलेली पावलं दिसली. आणि तिच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

ताईचा हिशोब साधा होता. तपासणी तळमजल्यावर, मेणाची खोली तिसऱ्या मजल्यावर. गाठ पडायचं कारणच नाही. मॅडमनी तिला कधी पाहिलं नव्हतं. वर कुठे पाठवताहेत हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि घाई आहे म्हणून सांगितलं तर मॅडम म्हणाल्या, तासाभराचंच काम आहे. मग तिनं ठरवलं की पाठ फिरवून बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. हिचं लक्ष नसतंच, हिला कळणारही नाही.

छोटीच्या हातांना काम ठाऊक होतं. तिनं हातमोजे चढवले, तेलाचा बोळा फिरवला, प्लास्टर कालवलं आणि हलक्या हातानं पाठीवर थापायला सुरुवात केली. ओलं, गार, पांढरं. त्या पांढऱ्याखाली पाठ हळूहळू नाहीशी झाली. खोलीत मेणाच्या बुडबुड्यांचा आवाज तेवढा होता. मग प्लास्टर धरायला लागलं आणि धरताना तापलं, जसं ते नेहमी तापतं.

“गरम लागतंय गं,” ताई म्हणाली.

मग छोटी पुढे येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली. प्लास्टर सुटेपर्यंत वीस मिनिटं हलता येणार नव्हतं, तेव्हा पळून जायचीही सोय नव्हती. कधीपासून, तिनं विचारलं. ताई आधी इकडचं तिकडचं बोलली, भट्टीची आग, ॲप्रनचा पट्टा, या वर्षीचा उकाडा. मग सांगितलं, नऊ महिने.

“नऊ महिने मी तुझ्या शेजारी झोपते, ताई.”

“तू दिवसभर लोकांचे चट्टे बघतेस,” ताई म्हणाली. “म्हटलं, घरी तरी तुझ्या डोळ्यांना चांगली कातडी दिसावी.”

खरं तर छोटीनं घरी काहीच पाहिलं नव्हतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ती डोळे मिटून बसली होती. तिनं ताईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं, काय लावत होतीस. या वेळी ताईनं कबूल केलं. समोरच्या शेजारणीनं एक ट्यूब दिली होती, कुठल्याही खाजेवर चालते म्हणून. लावली की दुसऱ्या दिवशी खाज गायब. सोडली की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा जास्त. मग पुन्हा ट्यूब. अशा तीन संपल्या, चौथी संपत आली होती. खाली डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती ‘काही नाही’ म्हणाली होती, कारण दुकानातून आणून लावलं म्हटलं की डॉक्टर रागावतात असं तिनं ऐकलं होतं. शिवाय बेकरीत कळलं तर पिठाला हात लावू देणार नाहीत, ही धास्ती वेगळीच.

साचा सुटला. ताईची पाठ उलटी होऊन प्लास्टरमध्ये राहिली. छोटीनं ती कापडावर ठेवली आणि थेट खाली गेली.

इतक्या वर्षांत ती मॅडमना आपणहून काही सांगायला कधी गेली नव्हती. तिनं चित्र पुढे ठेवलं, दोन कोरींवर बोट ठेवलं आणि ट्यूबबद्दल सांगितलं. ही माझी बहीण आहे, हे शेवटी सांगितलं. तरुण डॉक्टर तिथेच होते. आजच्या आज जास्त जोराचं, पण त्याच जातीचं मलम ते लिहिणार होते. त्यांचा चेहरा उतरला. मॅडम त्यांच्यावर आवाज चढवून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “काय लावलं, किती दिवस, कुणी दिलं, हे विचारायचं. आणि ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर ते पहिल्या खेपेला खरं धरायचं नाही.”

मग त्यांनी समजावलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड असतं. ते खाज आणि सूज दाबतं, पण बुरशीला मारत नाही. उलट कातडीचा पहारा उठतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. वर्तुळ पुसट होतं, कड जाते, खवले जातात, म्हणजे ओळखायच्या सगळ्या खुणा जातात आणि आजार तेवढा राहतो. खात्री करायची तर खरवडून बघायचं. आज घरी जाऊन साबणानं स्वच्छ धुवायचं, काहीही लावायचं नाही, उद्या सकाळी यायचं.

दुसऱ्या दिवशी त्या नखाएवढ्या कोरीवरून बोथट पात्यानं थोडा भुसा खरवडला. मॅडमनी तो काचेच्या पट्टीवर घेतला आणि प्रयोगशाळेतल्या काचवाल्या काकांकडे दिला. काका तीस वर्षं काचपट्ट्याच बघत आले होते. जिन्यात समोरून आलं तरी माणूस ओळखत नसत. त्यांनी त्यावर पोटॅशच्या पाण्याचा थेंब सोडला, काच किंचित गरम केली आणि कातडीचे कण विरघळेपर्यंत वाट पाहिली. मग सूक्ष्मदर्शकात डोकावले, आणि खूप वेळानं बाजूला सरकून छोटीला म्हणाले, या, बघा.

तिनं डोळा लावला. आधी नुसता पाण्यासारखा उजेड. मग काकांनी चकती जराशी फिरवली आणि त्या उजेडातून फांद्या वर आल्या. काचेच्या फांद्या, आरपार, फिकट, जागोजागी कांड्या पडलेल्या, एकीतून दुसरी फुटलेली, कातडीच्या विरघळत्या फरशांमधून बिनधास्त निघालेल्या. कुठे थांबत नव्हत्या. तळ्याच्या तळाशी उगवलेलं, वारा नसलेलं रान होतं ते. ती इतकी वर्षं ज्या माळावरून स्वप्नात चालत होती त्याच्या खाली हे होतं तर. तिला ते सुंदर वाटलं, आणि सुंदर वाटल्याची लाजही वाटली, कारण ते ताईच्या पाठीत उगवलं होतं.

“स्टेरॉईड मिळालं की असं माजतं,” काका म्हणाले. “पट्टीभर आहे. एरवी शोधता शोधता नाकी नऊ येतात.”

ट्यूब बंद. बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा, नुसत्या चट्ट्यावर नाही, तर त्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं चांगल्या कातडीवरही, बाहेरून आत असं. शिवाय पोटात घ्यायच्या गोळ्या, कारण पसरलं होतं पुष्कळ. त्याआधी रक्ताची तपासणी. मॅडमनी सगळं दोघींना समोर बसवून सांगितलं. आंघोळीनंतर अंग कोरडं करायचं. घामाचा ॲप्रन रोज बदलायचा. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन, उलट्या करून, उन्हात कडक वाळवायच्या. पंचा प्रत्येकीचा वेगळा. आणि दिसेनासं झालं म्हणून थांबायचं नाही. आम्ही सांगू तोवर लावायचं. पहिले काही दिवस ट्यूब सोडल्यामुळे उसळेल, ते औषध चुकलंय म्हणून नव्हे. “आता तुमची पाळी,” असं म्हणून तरुण डॉक्टरांनी छोटीला तपासायला बोलावलं, कारण एका घरात एकीलाच असणं कठीण. तिच्या डाव्या कुशीवर, बरोबर जिथे पंचा गुंडाळला जातो तिथे, नाण्याएवढं व्यवस्थित वर्तुळ निघालं. तिनं ते पाहिलंच नव्हतं. ताई नऊ महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसली.

पाचव्या दिवशी उसळलं. छोटीला पहाटे जाग आली ती न्हाणीघरातल्या नळाच्या आवाजानं. ताई दाराशी उभी होती, पाठ पेटल्यासारखी, आणि हातात ट्यूब. चौथी संपली नव्हती, तळाशी थोडं उरलं होतं. सगळं परत आलं होतं, पुसलेलं चित्र कुणी जाड रेघेनं पुन्हा काढावं तसं. कमरेभर वर्तुळांत वर्तुळं, उंच कडांची. ताई म्हणाली, एकदाच लावते, मग नाही. कामावर उभं राहवणार नाही असं.

छोटीनं ट्यूब हिसकावली नाही. तसं केलं असतं तर ताईनं दुसरी आणली असती, हे तिला ठाऊक होतं. तिनं गॅलरीचं दार उघडलं, स्टूल ठेवलं आणि रंगाची पेटी आणली.

“मला हे रंगवायचंय, ताई. आत्ता जसं आहे तसं. तू लावलंस तर ते पुसलं जाईल.”

ताई बडबडत, ही बाई बहिणीच्या चितेचंही आधी चित्र काढेल असं म्हणत, स्टुलावर बसली. छोटीनं गार पाण्यात पिळलेलं फडकं तिच्या पाठीवर ठेवलं, काढलं, कोरडं टिपलं, आणि रंगवायला लागली. उजाडत होतं. पहिल्या उजेडात त्या कडा गर्द जांभळ्या दिसत, मग उजेड वाढला तशा तांबूस झाल्या, आणि ती प्रत्येक रंग गाठत राहिली. दर थोड्या वेळानं गार फडकं. ताई मधेच म्हणायची, झालं का. ही म्हणायची, थोडं राहिलं. असं करत करत ताईची बेकरीची वेळ टळून गेली. खाज गेली नव्हती, पण तिचा जोर ओसरला होता. ताई गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून झोपली होती, आणि ट्यूब स्टुलाखाली पडली होती. नंतर रुग्णालयात गेल्यावर मॅडमनी खाजेसाठी एक गोळी वाढवून दिली. बाकी काही बदललं नाही.

त्या दिवसांत घर जरा वेगळंच झालं. दोरीवर उलट्या कपड्यांच्या रांगा, शिवणी बाहेर, खिसे लोंबलेले, जणू घरातली माणसं आतून बाहेर निघून गेली आहेत. सकाळ-संध्याकाळ ताई पाठ करून बसायची आणि छोटी मोजे घालून मलम लावायची. दोन बोटं बाहेरून, आत आत. तेवढा वेळ तिला डोळे उघडे ठेवावे लागायचे. तिला ताईच्या पाठीचा नकाशा पाठ झाला: भट्टीच्या ठिणगीचा जुना डाग, खांद्यावर पोती उचलून बसलेला घट्टा, कण्याच्या दोन्ही बाजूंना पडलेल्या खळग्या. ही पाठ तिच्यासाठी किती उभी राहिली आहे याचा तिनं कधी विचार केला नव्हता. ती मलम लावत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात कडा बसल्या. पाचव्यात खाज गेली, आणि ताईनं आता पुरे असा सूर लावला. छोटीनं तिला पुन्हा काकांच्या काचेपाशी नेलं आणि त्यात अजून उरलेल्या दोन-चार फांद्या दाखवल्या. ताई बराच वेळ बघत होती. मग घरी येऊन मलमासाठी पाठ करून बसली. आठव्या आठवड्यात काच रिकामी निघाली, त्यानंतरही मॅडमनी पंधरा दिवस लावायला लावलं. चट्ट्याच्या जागी गडद तपकिरी सावली राहिली. तो आजार नाही, नुसती सावली आहे, चार-पाच महिन्यांत उतरेल, तिच्यावर काही चोळत बसू नका, असं तरुण डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आता ते प्रत्येकाला दोनदा सांगत, आणि काय लावलं हे तीनदा विचारत.

बेकरीचंही झालं. ताईनं धीर करून मुकादमीण बाईंना सांगितलं. अंग झाकलेलं आणि औषध चालू असलं की पिठाची काळजी नाही, अशी चिठ्ठी मॅडमनी दिली होती. चिठ्ठी वाचून मुकादमीण बाईंनी हळूच आपली बाही वर केली. भट्टीपाशी काम करणाऱ्या आणखी दोघी तशाच निघाल्या. ट्यूबही तीच.

मेणाच्या खोलीत ताईच्या तीन पाठी तयार झाल्या: पुसट, उसळलेली आणि बसत चाललेली. मॅडमनी त्या कपाटात एकीशेजारी एक ठेवल्या. पोरं येऊन पहिलीपाशी हमखास चुकायची, इसब म्हणायची, आणि मग पुढची पाठ बघून पुन्हा पहिलीपाशी यायची. बरी झालेली चौथी पाठ छोटीनं मागाहून करायला घेतली. ती सगळ्यांत अवघड गेली. खोट नसलेल्या कातडीत धरायला काहीच नसतं. सावली, तीळ, घट्टा, खळग्या, आणि बाकी नुसता श्वास. दोनदा मेण मोडून पुन्हा ओतलं.

तिसऱ्यांदा ओतलं त्या दिवशी ती मेण निवायची वाट बघत खिडकीत उभी होती. खाली पटांगणात, तपासणीच्या रांगेकडे, तिला ताई चालत येताना दिसली. बरोबर समोरची शेजारीण होती, पदराआड काहीतरी घट्ट धरलेली आणि दोन पावलं मागे रेंगाळणारी. ताईनं तिचा दंड पकडला होता. दुसऱ्या हातानं ती हवेत वर्तुळ काढून दाखवत होती, मग त्याच्या बाहेर दोन बोटं. इतक्या उंचावरून शब्द ऐकू येत नव्हते, पण ताई बोलायची थांबत नव्हती एवढं दिसत होतं. दोघी रांगेत शिरल्या. शेजारणीनं मागे वळून फाटकाकडे पाहिलं. ताई तिच्या मागे जाऊन उभी राहिली.

छोटीनं मेणाला बोट लावून पाहिलं. अजून ऊब होती. तिनं स्टूल खिडकीपाशी ओढलं आणि सावलीचा रंग कालवायला घेतला.